छातीवर दुसरीचा नंबर

"उतर खाली."

लिफ्टचं दार तिसऱ्या मजल्यावर उघडलं होतं आणि बाहेर सोसायटीचे सेक्रेटरी उभे होते. मला दोन दिवसांचा ताप होता. हातात सातव्या मजल्यावरच्या मॅडमच्या दळणाचा डबा, दहा किलोचा. मी उतरले. त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. 'घरकाम करणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये.'

"वाचता येते ना?"

येत होतं. नागपूरजवळच्या खाप्याच्या शाळेत दहावीपर्यंत शिकले आहे. मी मान हलवली. ते लिफ्टमध्ये गेले, इकडेतिकडे पाहिलं आणि परत बाहेर आले.

"आता फडकं आण अन् हे पुसून घे. पीठ सांडवलं तू."

पीठ सांडलं नव्हतं. डब्याचं झाकण घट्ट होतं. मी दळण चार मजले वर नेऊन ठेवलं, बादली घेतली, खाली आले आणि लिफ्टमध्ये जिथे मी मिनिटभर उभी राहिले होते ती जागा फिनाईलने पुसली. सेक्रेटरी तोवर थांबून होते. पुसून झाल्यावर ते आत शिरले आणि वर निघून गेले. ओल्या फरशीवर त्यांच्या चपलांचे ठसे उमटले, ते पुसायला मात्र त्यांनी सांगितलं नाही.

मला राग आला नाही. आला असता तर ही गोष्ट तिथेच संपली असती. मला लाज वाटली. जणू खरंच मी काहीतरी सांडवलं होतं.

प्रताप नगरातली ती बिल्डिंग आठ मजली. तिथे मी अकरा वर्षं चार घरची कामं केली. पहिल्या दिवशी प्रत्येक घरी नाव विचारलं, मग आडनाव. आमच्याकडे आडनाव कळलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. दोन घरांनी माझा कप वेगळा ठेवला. मॅडमनी ठेवला नाही. हे खरं आहे, आणि खरं तेवढंच सांगायचं म्हणून बसले आहे, म्हणून तेही सांगते.

मॅडम चाळिशीच्या. पळणाऱ्यांचा एक ग्रुप चालवायच्या. सकाळी पाचला रंगीत बूट घालून सगळे जमायचे, फोटो काढायचे, मग पळायचे, मग पुन्हा फोटो. आधी रस्त्यावरच्या शर्यती झाल्या. मग मॅडमना डोंगराचं वेड लागलं. लडाखमध्ये उंच खिंडी ओलांडायची शर्यत असते, ती पळायची. पण एक छोटी टेकडी सोडली तर नागपूर तव्यासारखं सपाट. चढ आणायचा कुठून? म्हणून मॅडम पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी लावून बिल्डिंगच्या जिन्यावर सराव करू लागल्या.

एक दिवस पाचव्या मजल्यावर त्या कठड्याला धरून धापा टाकत होत्या आणि मी बादली आणि पोछा घेऊन बाजूने वर गेले. खाली आले. पुन्हा वर गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी मला थांबवलं.

"तू दमत नाहीस?"

"कायले दमू, मॅडम? अजून दोन घरं बाकी आहेत."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहिलं. घोडा घेताना पाहतात तसं. तेव्हा मला ते कौतुक वाटलं.

पुढच्या रविवारी त्यांनी मला सेमिनरी हिल्सच्या चढावर नेलं. स्वतःचे जुने बूट दिले, अर्धा नंबर मोठे, पुढे कापूस कोंबून घातले. ग्रुपमधली माणसं म्हणाली, अरे, ही तर बकरी आहे. मला तेही कौतुकच वाटलं. मॅडम म्हणाल्या, "इथे मॅडम नको म्हणू, ताई म्हण." म्हणजे टेकडीवर ताई आणि सातव्या मजल्यावर मॅडम. मी एकदा स्वयंपाकघरात चुकून ताई म्हटलं, तेव्हा त्यांनी ऐकू आलं नाही असं केलं.

डोंगरावरची शर्यत म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. तुम्हालाही नसेल, म्हणून सांगते. किती किलोमीटर हे तिथे कोणी आधी विचारत नाही. किती मीटर चढ, हे विचारतात. उभ्या चढावर कोणीच पळत नाही. जो पळतो तो मूर्ख, अर्ध्या तासात बसतो. हात मांड्यांवर दाबायचे, पावलं लहान टाकायची, मान खाली, श्वास पावलाला बांधून ठेवायचा. पळायचं ते उतारावर, आणि माणसाचं खरं वाटोळं उतारावरच होतं. चढताना छाती मरते, उतरताना मांड्या. पिशवीत शिट्टी, जाकीट, डोक्याचा दिवा आणि चमकणारं पातळ पांघरूण ठेवावंच लागतं, नाहीतर उभं करत नाहीत. ठरलेल्या वेळेत ठरलेल्या ठिकाणी पोचला नाहीत तर तिथेच थांबवून घरी पाठवतात. आणि वर हवाच पातळ. तुम्ही नागपूरचे आहात, टेकडीवर पहिले आहात, तुमच्याकडे महागाचं घड्याळ आहे, हे त्या हवेला ठाऊक नसतं. तिथे आठ-दहा दिवस आधी जाऊन राहावं लागतं, रक्ताला सवय होऊ द्यावी लागते.

मला हे सगळं आवडलं. का आवडलं ते सांगता येत नाही. दिवसभर मी चढायचेच, पण ते दुसऱ्याच्या भांड्यांसाठी, दुसऱ्याच्या फरशीसाठी. इथे चढ हेच काम होतं. वर पोचलं की काम संपलं, कोणी म्हणायचं नाही की आता बाथरूम घास.

आई माझ्याजवळच राहते. तिने खाप्याकडच्या खाणीत वीस वर्षं डोक्यावर टोपल्या वाहिल्या. मी पहाटे बूट बांधायला बसले की ती खाटेवरून बोलायची.

"काहून पळते वं? मांगं कुत्रं लागलं का?"

"शर्यत असते, आई."

"कोणाची शर्यत? आपल्याले कोणं बोलावलं?"

तिला उत्तर द्यायला म्हणून तरी मला माझ्या नावाने एकदा शर्यत पळायची होती. बाकी काही नको होतं. बक्षीस नको, फोटो नको. यादीत नाव हवं होतं, नावापुढे वेळ हवी होती.

लडाखच्या शर्यतीला आधी एक डोंगरी शर्यत पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी मॅडमनी सातपुड्यातल्या एका शर्यतीत नाव दिलं. मला सोबत नेलं, डबे करायला आणि सामान सांभाळायला. आदल्या दिवशी त्यांचा गुडघा सुजला. सकाळी त्यांनी मला त्यांचा नंबर दिला. कापडासारखा कागद, चार कोपऱ्यांना चार पिना, खाली त्यांचं नाव.

"तू पळ. तुझा सरावही होईल. लडाखला तुझं नाव वेगळं भरते मी, प्रमाणपत्राचंही बघते. शप्पथ."

मी पळाले. कोणी जबरदस्ती केली नाही. मला त्या डोंगरावर जायचंच होतं आणि शपथेवर माझा विश्वास होता. दोनदा पडले, गुडघा फुटला. शेवटच्या उतारावर तीन बायकांना मागे टाकलं. रेषेपलीकडे एका मुलीने माझ्या गळ्यात मेडल घातलं आणि मॅडमच्या नावाने माझं अभिनंदन केलं. मी तिला थँक्यू म्हटलं.

तंबूमागे मॅडम वाट पाहत होत्या. अंगात माझ्यासारखाच टी-शर्ट, पण धुतलेला. त्यांनी बाटलीतलं पाणी केसांवर मारलं. बुटांना थोडा चिखल लावला. माझ्या गळ्यातलं मेडल काढून घेतलं, नंबर काढून घेतला. मी बायकांमध्ये तिसरी आले होते, म्हणून स्टेजवर बोलावणं होतं. मॅडम लंगडत वर गेल्या. लंगडणं खरं होतं, त्यामुळे सगळं अजूनच खरं वाटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली त्यांची पिशवी धरून उभी होते आणि माझ्या पिंडरीवरून रक्त मोज्यात जात होतं. माझ्या शेजारी एक माणूस त्याच्या बायकोला म्हणाला, बघ, या वयात काय जिद्द आहे.

मीही टाळ्या वाजवल्या. हे लिहिताना हात जड होतो, पण वाजवल्या.

तीन महिन्यांनी मी भांडी घासता घासता विचारलं, "नाव भरलं का, मॅडम?"

"अगं, फॉर्म बंद झाले. पुढच्या वर्षी पक्कं. तू चल ना पण. तिथलं जेवण मला सोसत नाही. आणि तुलाही हवेची सवय होऊन जाईल."

फॉर्म बंद झाले नव्हते. ग्रुपमधल्या दोघांनी त्यानंतर भरले. मला कळलं होतं आणि तरी मी गेले. माणूस किती वेळा फसतो याचा हिशोब मी आता करत नाही. थकायला होतं.

लेहमध्ये दहा दिवस राहिलो. पहिले दोन दिवस डोकं असं दुखलं की भिंतीला लावून बसले. मग उतरलं. रोज थोडं थोडं वर जायचं, खाली येऊन झोपायचं. बोटाला चिमटा लावून रक्तातली हवा मोजायची. माझा आकडा रोज चढत गेला, मॅडमचा अडून बसला. शर्यतीआधी डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं, तेव्हा मॅडम कशाबशा पास झाल्या. संध्याकाळी त्यांना उलट्या सुरू झाल्या.

शर्यतीच्या सकाळी त्या पलंगावर पडूनच होत्या. नंबर उशीवर काढून ठेवला होता.

"मागच्या वेळेसारखं. थंडी आहे, सगळ्यांची तोंडं बांधलेली असतात. कोणी बघत नाही."

"अन् नाव?"

"नावाचं काय घेऊन बसलीस? ग्रुपमध्ये सगळ्यांना सांगून आले आहे मी. पळणारी तर तूच ना?"

मी नंबर घेतला. तेव्हा नाही म्हटलं असतं तर आज ताठ मानेने सांगितलं असतं. पण दहा दिवस मी ती खिंड खालून पाहत होते. मी हावरी झाले होते. पिना लावल्या, तोंडाला रुमाल बांधला आणि निघाले.

पहिले दोन तास चांगले गेले. बायकांमध्ये माझ्यापुढे दोघीच होत्या, दोघीही तिथल्याच, पायवाटेवर अशा जात होत्या जशा घरातून अंगणात. मग झाडं नाहीत, गवत नाही, नुसता दगड. वीस पावलं आणि थांबा. मग पंधरा. डोकं हलकं झालं. अशा वेळी माणसाला भ्रम होतो, हे सांगून ठेवलेलं होतं, म्हणून दर थांब्यावर मी मनात मॅडमचं नाव घोकत होते. कोणी विचारलं तर चुकायला नको.

खिंडीच्या खाली शेवटचा तंबू होता. तिथे एक डॉक्टर प्रत्येकाला थांबवून तीन गोष्टी विचारत होता. नाव काय, गाव कोणतं, आज वार कोणता. हा तिथला नियमच आहे. हवा डोक्यावर चढली की माणूस आधी हेच विसरतो. माझ्या पुढच्या माणसाला वार सांगता आला नाही. त्याला पांघरूण घालून बसवलं. तो रडत होता.

माझा नंबर आला. डॉक्टरने वाकून माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"आपका नाम क्या है?"

मी माझं नाव सांगितलं.

ठरवून नाही. तोंडातून ते निघालं. कोणीतरी मला इतक्या काळजीने नाव विचारत होतं, आणि ते मी कोणत्या जातीची हे काढायला नाही, मी शुद्धीवर आहे का ते पाहायला. त्याने हातातली यादी पाहिली, माझ्या छातीवरचा नंबर पाहिला.

"फिर से बताइए।"

मी पुन्हा सांगितलं. या वेळी आडनावासकट.

त्याने मला स्टुलावर बसवलं, बोटाला चिमटा लावला. मग अगदी हळू, लहान मुलाला समजावतात तसं म्हणाला, "नहीं। आपका नाम ये नहीं है।" आणि त्याने यादीतलं मॅडमचं नाव मला वाचून दाखवलं.

मी हसले असते, पण हसायलाही हवा लागते.

"पाँच मिनट बैठिए। पानी पीजिए। फिर पूछूँगा। ठीक बताया तो ऊपर जाने दूँगा।"

खिंड वर दिसत होती. पताका फडफडत होत्या. फार तर अर्धा-पाऊण तास. त्याने उत्तरही सांगून ठेवलं होतं. ते एक नाव उच्चारायचं आणि उठायचं. मग खिंड, मग उतार, आणि उतारावर मला त्या दोघींना गाठता आलं असतं. मी गाठलं असतं. हे आजही वाटतं आणि आजही जीव जळतो.

पण त्या पाच मिनिटांत मला एक कळलं. इथे शहाणी ठरायला मला मॅडम व्हावं लागणार होतं. मी मी आहे असं म्हणाले तर वेडी. आणि हे या बिचाऱ्या डॉक्टरने केलेलं नव्हतं. हे मी केलं होतं, चार पिना लावून, माझ्या हाताने. राग आला. अकरा वर्षांत आला नव्हता तो सगळा एकदम आला. मॅडमवर आला आणि माझ्यावरही. स्टेजखाली टाळ्या वाजवणाऱ्या माझ्या हातांवर आला.

तो परत आला. "हाँ, अब बताइए।"

"मेरा नाम वही है जो मैंने बताया। ये नंबर दूसरी का है। वो होटल में सोई है।"

त्याने चिमट्यावरचा आकडा पाहिला. आकडा चांगला होता. त्याने हातातली यादी टेबलावर ठेवली.

"फिर आप आगे नहीं जा सकतीं।"

"मालूम है।"

मी पिना काढल्या. बोटं बधिर होती, एक पिन टोचली. नंबर त्याच्या टेबलावर ठेवला आणि खाली वळले. तीन तास चढून आले होते तो सगळा रस्ता चालत उतरले. समोरून चढणारे थांबून विचारत होते, क्या हुआ, तबियत? मी हात हलवत राहिले. खिंडीपलीकडे काय दिसतं ते मला माहीत नाही.

हॉटेलात मॅडम उठून बसल्या होत्या. त्यांना शर्यतवाल्यांचा फोन आला होता.

"एक नाव घ्यायला काय झालं होतं तुला?"

"घेतलं, मॅडम. माझं होतं."

त्या रडल्या. म्हणाल्या, तुझ्यासाठी मी काय नाही केलं. बूट दिले, इथवर आणलं. ते सगळं खरं होतं. मी त्यांचे बूट पलंगाखाली ठेवले आणि माझ्या चपला घातल्या.

शर्यतवाल्यांनी दोघींना बोलावलं. मी सातपुड्याचंही सांगितलं, कोणी विचारलं नसताना. दोघींना दोन वर्षं कोणत्याही डोंगरी शर्यतीत पळायला मनाई झाली. मला तो अन्याय वाटत नाही. सातपुड्यात जी बाई खरी तिसरी होती, तिला त्या दिवशी स्टेजवर कोणी बोलावलं नाही. ती कोण, कुठली, मला ठाऊक नाही. तिच्या तोंडचा घास आम्ही दोघींनी मिळून काढला. मॅडमनी माझं लुबाडलं म्हणून मी तिचं लुबाडलं ते धुतलं जात नाही.

बिल्डिंगमधली चारही घरं आठवड्यात सुटली. सेक्रेटरी गेटवर म्हणाले, "आजकाल उपकाराची जाणच नाही राहिली लोकांले." मी आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती जवळ घेईल.

"चोरी दोघींनी केली," ती म्हणाली. "तू कबूल केली, तिनं नाही केली. एवढाच फरक आहे. जेव आता."

आता मी गांधीबागेत एका कापडाच्या ठोक दुकानात कामाला आहे. साड्यांच्या घड्या घालायच्या, गठ्ठे बांधायचे, माल वर-खाली न्यायचा. संध्याकाळी पाय सुजतात. वय चौतीस झालं. मी थकले आहे, हे सांगायला मला लाज नाही. पहाटे उठताना रोज वाटतं की आज नको. तरी उठते, टेकडीवर जाते, एकटी पळते. ग्रुपमधले कोणी दिसले तर मान फिरवतात. एकाने विचारलं, "अजून पळून राहिली का तू?" मी मान डोलावून म्हटलं, "हाव. तुम्ही?"

मागच्या महिन्यात ग्रुपमधल्या एका बाईचा फोन आला. नवीन लोक डोंगरात जाणार आहेत, सरावाला पुढे चालणारी हवी आहे. "जुनं सोडून दे ना. नंबरबिंबर काही लावायचा नाही. नुसती सोबत."

मी म्हटलं, "पळणाऱ्यांच्या यादीत माझं नाव लिहा. मग येते."

"विचारून सांगते," ती म्हणाली. अजून विचारूनच राहिली आहे.

मनाईचं एक वर्ष गेलं, एक राहिलं. ते संपेल त्या दिवशी मी फॉर्म भरणार. माझ्या हाताने, पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव. कोणाची सोबत म्हणून नाही, कोणाचे डबे घेऊन नाही. कदाचित तोवर मांड्या पूर्वीच्या राहणार नाहीत. कदाचित ज्यांना सहज मागे टाकलं असतं त्या माझ्यापुढे जातील. जाऊ देत. दुसरीच्या नंबरावर मी आता दहा पावलंही टाकणार नाही, मग वर कोणतीही खिंड असो. शेवटची आले तर यादीच्या शेवटच्या ओळीत त्यांना माझं नाव लिहावं लागेल. आणि मधेच खाली बसले तर तेही माझ्याच नावापुढे लिहावं लागेल.